खांदेमळणी

उन्हाळा वाढू लागला की दुधनीच्या धरणाचे पाणी मागे सरते आणि काठाशी चिकणमातीचा एक विस्तीर्ण, भेगाळलेला पट उघडा पडतो. पाण्याने सोडून दिलेल्या त्या जमिनीवर भगवंत बोरसेच्या टीमचे रायडर सराव करीत. शर्यत डांबरी ट्रॅकवरची असली तरी मोटारसायकल अंगाखाली घसरते कशी आणि घसरत असताना सावरायची कशी, हे मातीच शिकवते, असे भगवंतचे मत होते.

त्या सकाळी गुड्डी पडली. गुड्डी त्याच्या टीमची नवी रायडर, दादऱ्याच्या चाळीत वाढलेली, अंगाने काडीसारखी आणि वळणावर निर्भय. पुढचे चाक भेगेत गेले, गाडी आडवी झाली, आणि मागचे चाक हवेत तसेच गरगरत, किंचाळत राहिले. भगवंत धावला. साठी ओलांडलेला, गुडघ्यांनी कुरकुरणारा तो माणूस मातीतून धावत गेला, त्याने वाकून इंजिन बंद केले, हँडल धरून गाडी उभी केली आणि टाकीवर पोचा आला आहे का, हे तळहाताने चाचपून पाहिले. मग मान वर केली.

गुड्डी पलीकडे मातीत बसली होती. हेल्मेट मांडीवर, डावे कोपर उजव्या मुठीत. टीमचा म्हातारा मेकॅनिक कारभारी तिच्याजवळ पाण्याची बाटली घेऊन उकिडवा बसला होता. ती भगवंतकडेच पाहत होती, आणि दातांवरची माती जिभेने पुसत हसली.

"आबा, गाडी ठीक आहे ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोसला असता. ती खरोखरच विचारत होती. एवढ्या थोड्या महिन्यांत तिला कळून चुकले होते की इथे आधी हाच प्रश्न विचारायचा असतो. भगवंतला वाटले, आपण जिच्यावर इतकी वर्षे उभे आहोत ती जमीनही अशीच कुठल्यातरी पाण्याने मागे टाकलेली आहे.

दुसऱ्या दिवशी तो टोकरखाड्याला त्याच्या पहिल्या रायडरच्या, गोकुळच्या घरी गेला. पोळ्याच्या त्या शर्यतीनंतर त्या जिन्याची पायरी त्याने चढली नव्हती.

*

भगवंतचे गाव अमळनेरच्या बाजूला. त्याच्या वडिलांकडे शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी असे. घरात दूध नसले तरी त्या बैलांना सरकी-पेंड असे. घरातले लोक गोधडीत कुडकुडत असले तरी जोडीच्या पाठीवर झूल असे. पटात जोडी सुटली की पुकारा व्हायचा तो मालकाच्या नावाचा. फेटा मालकाला, ढाल मालकाला, गुलाल मालकाच्या कपाळावर. छकड्यावर उभा राहून, दातात कासरा धरून जो जीव पणाला लावी, तो धुरकरी. त्याचे नाव पुकारायची रीत नव्हती. त्याला जेवण मिळे, धोतरजोडी मिळे, आणि तो चाकाखाली आला तर त्या वर्षी त्याच्या घरी मालकाकडून दाणे जात. "धुरकरी बदलता येतो, जोडी नाही," असे वडील म्हणत. त्यात क्रौर्य आहे असे कुणालाच वाटत नसे. जसे नदी वाहते, तसे ते वाक्य त्या घरात वाहत असे.

ते वाक्य घेऊनच भगवंत सिल्वासाला आला. सुताच्या कारखान्यात हजारो फिरत्या चात्यांपुढे त्याची तरुण वर्षे उभी राहून गेली. पुढे जवळच्याच रांध्याला स्वतःची शेड झाली, बाटल्यांची झाकणे काढणारी मशीन आली, "ए भगवंत"चे "शेठ" झाले. मग बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. वडिलांनी शेवटची जोडी बाजारात नेली, आणि ज्या दाव्याला ती बांधलेली असे त्या दाव्याकडे पाहत त्यांनी एका हिवाळ्यात डोळे मिटले.

त्यानंतरच्या मोसमात नाशिकला कुणा व्यापाऱ्याच्या आग्रहावरून भगवंत मातीतली मोटारसायकल शर्यत पाहायला गेला. धुळीचा लोट उठला, हजारो घशांतून एकच आवाज निघाला, आणि त्याच्या छातीत वडिलांची जोडी सुटली. परतताना तो बोलत नव्हता. सोबतच्या व्यापाऱ्याला वाटले, शेठला गाडी लागली.

गाडी घेतली, आता धुरकरी हवा होता. गोकुळ त्याच्याच शेडमध्ये मशीनवर होता, चोपड्याकडचा, भगवंतच्याच बोलीतला. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी उधार मोटारसायकलवर तो धरणाच्या काठाने उभ्याने जाई, हात सोडून, जणू कुणाला मिठी मारायला निघाला आहे. भगवंतने त्याला तसा पाहिला आणि ठरवून टाकले.

पुढची वर्षे उजेडाची होती. शहरातल्या टीमकडे चकचकीत ट्रक असत, तंबू असत, टोप्या घातलेले इंजिनिअर असत. बोरसे रेसिंग कारखान्याच्या टेम्पोतून यायची. त्यात गाड्यांच्या बाजूला गाद्या, स्टोव्ह, कळण्याच्या भाकरीचे पीठ आणि ठेच्याची बरणी. आधी लोक हसले. मग स्टोव्हभोवती जेवायला येऊ लागले. मग गोकुळ त्यांना मागे टाकू लागला, आणि तरीही ते जेवायला येत राहिले. "बोरसे शेठ, तुमच्या गाडीत काय टाकता?" "तेच, जे तुम्ही आत्ता खाताय," कारभारी म्हणे.

कोइमतूरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा लाऊडस्पीकरमधून "गोकुळ" असे नाव घुमले तेव्हा भगवंतला क्षणभर वाटले की कुणीतरी गोकुळला कामासाठी हाक मारत आहे. इथे पुकारा धुरकऱ्याचा होतो, हे कळल्यावर त्याने तो अन्याय मनातल्या मनात दुरुस्त केला. गोकुळच्या अंगातल्या कातडी सूटवर पाठभर फक्त "बोरसे" लिहिलेले असे. चषक रांध्याच्या ऑफिसात, वडिलांच्या फोटोखाली मांडलेले असत. गोकुळला त्याचे वाईट वाटत असेल, अशी शंकाही भगवंतच्या मनाला शिवली नाही. त्याचे लग्न भगवंतने जमवले, जयाला पसंत करायला तो स्वतः गेला. टोकरखाड्याची खोली त्याने पाहून दिली. गोकुळच्या आईच्या मोतीबिंदूला वापीच्या दवाखान्यात तोच घेऊन गेला. तो गोकुळवर मुलासारखी माया करीत होता. खरे तर स्वतःच्या मुलापेक्षा, चेतनपेक्षा, जास्त. कारण चेतनला धुळीची शिंक यायची.

मायेला आंधळी म्हणतात ते बरोबर नाही. माया पाहते, पण कुठे पाहायचे हे तिला रीत सांगते.

*

त्या वर्षी गोकुळ गुणांत सर्वांच्या पुढे होता. आषाढात सरावाला पडून त्याच्या उजव्या खांद्याजवळचे हसळीचे हाड मोडले. पट्टी आणि स्क्रू घालून ते जोडले. हाड जुळले, असे डॉक्टर म्हणाले. जुळले म्हणजे भरले नव्हे, असेही म्हणाले. कोइमतूरची फेरी तोंडावर होती. भगवंतने गोकुळच्या पाठीवर हात ठेवून विचारले, "काय रे, जमेल ना?"

"हाव आबा," गोकुळ म्हणाला.

ज्या प्रश्नाच्या शेवटी "ना" असतो आणि पाठीवर हात असतो, त्याला दुसरे उत्तर नसते. भगवंतला हे तेव्हा माहीत नव्हते. ट्रॅकवरच्या डॉक्टरने गोकुळला जोर काढायला लावले. त्याने ते ओठ घट्ट मिटून काढले, उठून हसला आणि शर्यतीला पात्र ठरला.

शर्यत रविवारी होती, आणि त्याच रविवारी पोळा होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खानदेशात बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेला खांदा ऊन पाण्याने धुतात, पळसाच्या पानाने त्यावर तूप-हळद चोळतात आणि कानाशी लागून म्हणतात : आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. भगवंत हा विधी दरवर्षी रांध्याच्या शेडमध्ये गाडीवर करी. त्या वर्षी तो कोइमतूरला, ट्रॅकलगत गाड्या सज्ज करतात त्या पिटमध्ये केला. खानवेलच्या जंगलातली पळसाची पाने त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. कारभारीने पान धरले, भगवंतने हँडलच्या दोन्ही बाजूंना तूप-हळद लावली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, हळुवार, जिथे हात टेकून टेकून रबर झिजले होते तिथे जरा जास्त. शेजारच्या टीममधली मुले मोबाइल घेऊन चित्रण करू लागली. भगवंत गाडीपाशी वाकला आणि पेट्रोलच्या टाकीला, जणू तिला कान आहे अशा रीतीने, आवतण दिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. वडील तिथेच कुठेतरी उभे आहेत असे त्याला वाटले.

गोकुळ बाजूला उभा होता, डाव्या हाताने उजवे कोपर खालून उचलून धरलेले.

"आबा," तो म्हणाला, "थोडी हळद इकडं बी लावा. खांदा ठणकतोय."

सगळे हसले. भगवंत सर्वांत जास्त हसला.

"तू काय बैल आहेस का रे?"

"नाही ना. तोच तर घोटाळा आहे," गोकुळ म्हणाला, आणि तोही हसला. उरलेली हळद भगवंतने जुन्या फडक्याला पुसली.

माणसे आपल्या वेदना कधी अर्जासारख्या मांडत नाहीत. ती विनोदाच्या पाकिटात घालून पुढे सरकवतात, आणि समोरचा पाकीट पाहून हसतो. भगवंतच्या आयुष्यातला निर्णायक क्षण दुसऱ्या दिवशीचा होता, असे लोक मानतात. तो स्वतः आता तसे मानत नाही.

सकाळी कारभारी गाडीवरचे आच्छादन सोडू लागला तेव्हा भगवंतने त्याचा हात धरला.

"ही आज चालणार नाही."

"का? आवाज तर एकदम मस्त येतोय, आबा."

"आवाजाचं नाही. आज पोळा आहे. आवतण दिलं आहे तिला. आज तिच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही."

कारभारीने हात सोडवून घेतला. "आबा, ही मशीन आहे."

"काल पळसाचं पान तूच धरलं होतंस ना? तेव्हा मशीन नव्हती?"

"पण मग आज पळवायचं काय? खाट?"

भगवंतने टेम्पोकडे बोट केले. आत नवी गाडी होती, त्याच महिन्यात बांधलेली. अडीअडचणीला असावी म्हणून आणलेली, तपासणीतून पास झालेली, पण एकाही शर्यतीत न धावलेली.

"तिचा पण पोळाच की," कारभारी म्हणाला.

"तो गोऱ्हा आहे. त्याला अजून जू लागलेलं नाही. ज्याला जू लागलं नाही त्याचा पोळा नसतो."

त्या तर्कात कुठेही फट नव्हती. अमळनेरच्या कुठल्याही पारावर तो मान्य झाला असता. कारभारीने डोके खाजवले. "नवीन ब्रेक आहे, आबा. हँडल जड आहे. दोन दिवस गोकुळ जुनीवर बसला आहे, तिच्या सवयी त्याच्या अंगात आहेत. आणि त्याचा हात…"

दोघांनी गोकुळकडे पाहिले. गोकुळने भगवंतकडे पाहिले. त्या वृद्ध होत चाललेल्या चेहऱ्यावर एक अशी श्रद्धा होती की जिला नकार देणे म्हणजे देवघरातला दिवा फुंकून विझवणे.

"चालंल आबा," गोकुळ म्हणाला. "गोऱ्हा तर गोऱ्हा."

ट्रॅकच्या दुसऱ्याच फेरीत, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी जिथे सर्व वेग एकाएकी दातांखाली चावून धरावा लागतो, तिथे त्याने ब्रेक दाबला. नव्या ब्रेकने अपेक्षेहून जास्त घट्ट पकड घेतली. जड हँडल आवरायला खांद्यात जे बळ हवे होते ते तिथे नव्हते. गोकुळ त्याच खांद्यावर आदळला आणि खडीत दूरवर घासत गेला. लाऊडस्पीकरने त्याचे नाव पुकारले. या खेपेस त्यात हाकेचा सूर होता. पिटमध्ये जुनी गाडी झेंडूच्या माळेत उभी होती. तिच्या हँडलवर कालचे तूप उन्हाने पातळ होऊन चमकत होते. ती विसावलेली होती.

हाड पुन्हा जोडता येते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळापासून तुटल्या तर त्या जोडता येत नाहीत. गोकुळचा उजवा हात राहिला, पण तो एखाद्या पाहुण्यासारखा राहिला : घरात असलेला, घरच्या कामाला न येणारा.

दवाखान्यातून भगवंत सिल्वासाला परतला तेव्हा त्याची बायको पुतळाबाई ओसरीत बसली होती. सगळी हकीकत तिला फोनवर कारभारीकडून कळली होती. तिने पाणी दिले, तो पिईपर्यंत थांबली, आणि मग तिच्या माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "बैलले सुट्टी अन् मानूसले जू! वा रे न्याव!"

तेवढेच. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. तिने काढला असता तर भगवंतला निदान भांडता आले असते.

*

दार जयाने उघडले. "आबा! या ना," म्हणत तिने पदर सावरला आणि खुर्चीवरचे वाळलेले कपडे घाईने उचलले. गोकुळ खिडकीशी बसून डाव्या हाताने एका हेल्मेटची काच बसवत होता. अपघातानंतर भगवंतने दिलेली रांध्याच्या शेडमधली सुपरवायझरची जागा त्याने फार पूर्वी सोडली होती. आता नाक्यावर त्याचे हेल्मेट आणि सुट्या भागांचे दुकान होते, आणि रविवारी तो दुधनीला मुलामुलींना गाडी शिकवी. गुड्डी त्याच्याकडेच शिकून भगवंतच्या टीममध्ये आली होती. उजवा हात त्याने शर्टाच्या दोन बटणांमध्ये अडकवून ठेवला होता.

"गुड्डी पडली काल," भगवंत म्हणाला.

"कळलं. कोपर सुजलंय, बाकी ठीक आहे."

"मी आधी गाडी उचलली, गोकुळ."

गोकुळने स्क्रू पिळणे थांबवले नाही. "तेही कळलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गुजरातीत भाजीचा भाव करत होते. मग त्याने ज्यासाठी आला होता ते एका दमात सांगून टाकले : टीम तू घे. गाड्या, टेम्पो, कारभारी, सगळे. चेतनला त्यात रस नाही, आणि मला आता माझाच भरवसा वाटत नाही. नावसुद्धा बदल. पाठीवर तुझे नाव लिही, पुकारा तुझा होऊ दे.

"नाव राहू द्या बोरसेच," गोकुळ म्हणाला. "लोक ओळखतात. घेतो मी टीम. पण एक आहे, आबा."

"बोल."

"तुम्ही ट्रॅकवर यायचं नाही."

चहाचे कप घेऊन आलेली जया दारातच थबकली.

"रागानं नाही म्हणत," गोकुळ म्हणाला.

"रागानं म्हण की! रागानं म्हणालास तर मला बरं वाटेल. इतकी वर्षं वाट बघतोय मी तुझ्या रागाची."

"राग यायला पायजे होता, मलाबी वाटायचं. पण तुम्ही काय मला दोरीनं बांधून बसवलं नव्हतं गाडीवर. तुम्ही फक्त बघितलं माझ्याकडं."

"काय बघितलं?"

"पोटच्या पोराकडं बघावं तसं. तसं कुणी बघितलं ना आबा, की माणसाला नाही म्हणता येत नाही. मला नाही आलं. आता गुड्डीला येत नाही. परवा तिचं मनगट दुखत होतं, तुम्हाला बोलली?"

"नाही."

"मला बोलली. मी म्हटलं, आबांना सांग. तर म्हणे, आबांना कसं सांगू, ते किती करतात माझ्यासाठी."

जयाने कप ठेवले. भगवंतने चहाकडे पाहिले. साय हळूहळू धरत होती.

"लांबून बघेन," तो म्हणाला. "तिकीट काढून. मागच्या रांगेत बसेन."

"तुम्ही मागच्या रांगेत बसणारे आहात का?"

जयाला हसू आवरले नाही. भगवंतही ओशाळून हसला. "नाही. पण प्रयत्न करेन."

"तुम्ही तिथं असाल, आबा, तर पोरांना तुम्ही कुठंही बसलात तरी दिसाल."

"मग पिटच्या बाहेर. टेम्पोत. भाकऱ्या तर कुणीतरी करायला पाहिजेत?"

"भाकऱ्या आम्ही शिकू," जया म्हणाली. तिच्या आवाजात कठोरपणा नव्हता, पण जागाही नव्हती.

ही अट म्हणजे नेमके काय, ते भगवंतला त्या खोलीत बसल्या बसल्या कळत गेले. त्याला टीम देऊन टाकायची होती, पण तिच्या काठावर उभे राहायचे होते. धुळीचा तो लोट, सुटण्याआधीची ती श्वासभर शांतता, वडिलांचे तिथे कुठेतरी असणे, हे सोडायचे नव्हते. गाड्या म्हणजे लोखंड. जे खरे मागितले जात होते ते हेच होते. त्याने चहा सायीसकट पिऊन टाकला आणि उठला.

"टेम्पोचा क्लच जरा चिकटतो," तो म्हणाला. "कारभारीला माहीत आहे."

*

पाऊस सरता सरता कोइमतूरची फेरी आली. टेम्पो गेला तेव्हा भगवंत शेडमध्येच होता; दोर आवळण्याचे आवाज त्याने ऐकले, पण फाटकापर्यंत गेला नाही. गेला असता तर कुणीतरी "आबा, चला ना" म्हणाले असते.

रविवारी दुपारी तो घरी दूरचित्रवाणीपुढे बसला. चेतनने इंटरनेटवरून शर्यत लावून दिली होती आणि तो बाहेर निघून गेला होता. पुतळाबाई जमिनीवर बसून पापडीच्या शेंगा निवडत होती. पडद्यावर गाड्या रांगेत येऊन उभ्या राहू लागल्या. इतक्या वर्षांत ही रांग भगवंतने कधी समोरून पाहिली नव्हती. तो नेहमी तिच्या बाजूला, तेलाच्या वासात उभा असे. समोरून ती वेगळीच दिसत होती : काचांमागे लपलेले चेहरे, प्रत्येक जण एकटा.

दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी होती. पडद्याखाली नावे सरकत गेली, त्या जागेवर बोरसेंचे नाव येऊन गेले, आणि जागा रिकामीच राहिली.

तो पडद्याकडे वाकला. क्लच गेला असेल. किंवा नवी साखळी, किंवा पेट्रोलची नळी; सांगितले होते, नळी बदला. त्याने कारभारीला फोन लावला.

"काय बिघडलं रे?"

"कशात?"

"गाडीत! रांगेत नाही आली!"

"गाडी एकदम ओके आहे, आबा. इथं माझ्यासमोर उभी आहे."

"मग?"

पलीकडे इंजिनांचा गजर इतका वाढला की कारभारीला ओरडावे लागले. "गुड्डीचं कोपर! सकाळपासून मुंग्या येत होत्या. ती गोकुळभाऊला म्हणाली, आज नको."

"मग गोकुळ काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"आणि?"

"आणि काय? बरं म्हणाला. चहा पिताहेत दोघं जण."

भगवंतने फोन ठेवला. पडद्यावर दिवे विझले आणि रांग फुटली. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंनी गाड्या तिला जराही न अडखळता पुढे निघून गेल्या. आकाश कोसळले नाही. कुणी बोट दाखवून हसले नाही. पुकारा करणाऱ्याने एक वाक्य बोलून दुसऱ्या नावाकडे मोर्चा वळवला. एका जागेचे रिकामे राहणे इतके साधे होते, इतके निरुपद्रवी. आणि त्या पोळ्याच्या रविवारीही ते इतकेच साधे असते. जुनी गाडी विसावली होती. नवी टेम्पोत राहिली असती. तिघे जण स्टोव्हपाशी बसून चहा प्यायले असते. पोळा पोळ्यासारखा साजरा झाला असता.

"आपली गाडी दिसत नाही ती?" पुतळाबाईने मान वर न करता विचारले.

"नाही धावत आज."

"का? मोडली?"

"पोरीनं नको म्हटलं."

पुतळाबाईचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ, जसे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत कधीतरी पाहिले असेल. मग तिने परात पायाने त्याच्याकडे सरकवली.

"मग नुसते काय बसलात? दोरे काढा."

तो खाली बसला. शेंगांचे दोरे काढताना त्यातले काही तुटून अर्धेच हातात येत होते. वर पडद्यावर इतरांच्या गाड्या त्याच त्या वळणावर पुन्हापुन्हा कलत होत्या. तिकडे पाहायला त्याला आता जमेना. त्याने ओठ हलवून तो शब्द एकदा अगदी हळू, स्वतःशीच म्हणून पाहिला : बरं. तो जिभेला कुठे अडत नव्हता. लहान मुलालाही म्हणता येईल असा होता.

"काय म्हणालात?" पुतळाबाईने विचारले.

"काही नाही," भगवंत म्हणाला, आणि त्याने पुढची शेंग उचलली.